मांजरीची सुई

रिसोडच्या स्टँडवरून जीप खचाखच भरल्याशिवाय हलत नाही. माझ्या शेजारची म्हातारी मात्र ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं मांडीवर धरून ड्रायव्हरला दटावत होती, “काढ ना रे गाडी! माह्या मांजरीच्या सुईची येळ झाली.”

मडक्यात इन्सुलिनची नवी बाटली होती. घरी फ्रीज नाही, आणि म्हाताऱ्या मांजरीला शुगर. जीपमध्ये हशा पिकला. तिच्याच गावचा ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, ते आता उंदरं तरी धरते काय? कायले सुया देऊन राह्यली?”

“तुह्या बापालेबी शुगर हाये,” फडक्यावर पाणी शिंपडत ती म्हणाली. “तोबी रोज सुई घेते. तो किती उंदरं धरते?”

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. रिसोडहून अर्धी रिकामी जीप सुटलेली मी तेवढी एकदाच पाहिली.