उत्तरं मी द्यायची

माझे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर मोत्यासारखं, पण तोंडानं चार शब्द बोलायचे म्हणजे जिवावर यायचं. ते काम माझ्याकडे. बँकेत मी बोलायची, नणंदेच्या सासरी मी बोलायची, न्हाव्याला 'मागून बारीक करा' हेसुद्धा मीच सांगायची. लोक हसायचे आणि मी मिरवायची. आज ते लिहिताना लाज वाटते.

तपासणीत निघालं, की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी अगदी मुळाशीच फुगली आहे. डॉक्टर म्हणाले, ती फुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच ठरवून ऑपरेशन केलं तर धोका बराच कमी. तारीख मिळाली. आदल्या आठवड्यात एक डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन समोर बसल्या. वय, रक्तदाब, मूत्रपिंड, आधी कधी छाती उघडली होती का. धोका यावरूनच ठरतो, तेव्हा काही लपवू नका, असं त्यांनी बजावलं.

"सिगारेट?"

ह्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हणाले, "छे हो! मुलीच्या जन्माला सोडली. मी सोडायला लावली."

"तुम्ही सांगा, काका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती म्हणते तसंच."

ऑपरेशन नीट पार पडलं, पण फुप्फुसं साथ देईनात. कफ साठला, संसर्ग झाला. तीन दिवस गेले, सहा गेले, श्वासाचं यंत्र काही निघेना. डॉक्टर पुन्हा विचारत, "नक्की ओढत नव्हते?" मी पुन्हा ठासून सांगे, "नाही."

सातव्या दिवशी ह्यांचा जोडीदार भेटायला आला. बावीस वर्षं ह्यांची शिडी धरणारा माणूस. डॉक्टरांनी त्यालाही तेच विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली.

"वहिनी, रागावू नका. दिवसाला आठ-दहा व्हायच्या. वर फळीवर बसून ओढायचा आणि घरी निघताना टर्पेंटाइननं हात धुवायचा."

"आधी कळलं असतं तर सोडायला लावून महिना-दीड महिना थांबलो असतो," डॉक्टर एवढंच म्हणाले. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. कारण खरं सांगायचं तर वास मला येत होता. टर्पेंटाइनच्या आडूनही येत होता. पण नवऱ्याची सिगारेट मी सोडवली, हे चारचौघांत इतक्यांदा सांगून बसले होते, की मी नाक दुसरीकडे वळवत राहिले.

बाराव्या दिवशी घशातली नळी काढली. मी उशामागे उभी होते, ह्यांना दिसत नव्हते. नर्सनं विचारलं, "काका, काही हवंय का?" ह्यांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"मी सिगारेट ओढतो. डॉक्टरांना सांगा. पण बायकोला कळू देऊ नका."

नर्सनं वर माझ्याकडे पाहिलं. मेलेल्यासारखा पडलेला माणूस उठला होता, आणि त्याला भीती होती ती माझी. मी पाय न वाजवता बाहेर गेले. मग दार वाजवून, आत्ताच आल्यासारखी आत आले.