अडतीसची कंबर

काकांची कंबर चौदा महिन्यांत अडतीसवरून एकतीसवर आली, आणि त्यातले पहिले अकरा महिने काकू खूश होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काकांचं पुढे काय झालं असेल हे तुम्हाला आत्ताच कळलं असेल, कारण तुम्ही बाहेरचे. बाहेरच्याला लगेच कळतं. घरातल्या माणसाला, तेही रोज हातात टेप धरणाऱ्या माणसाला, काही केल्या कळलं नाही.

मापवाल्या काकू म्हणजे कपडे अल्टर करणाऱ्या. नवीन शिवणं त्यांनी बरंच कमी केलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, भिंतीच्या दांडीवर चिठ्ठ्या टाचलेल्या पँटी, आणि मशीनच्या खणात मापांची वही. वहीत गिऱ्हाइकांची नावं नव्हती. 'एक खांदा खाली', 'लग्न ठरलेली', 'बँकेतला खोटारडा' अशी पानं होती. हा बँकेतला माप देताना पोट आत ओढायचा आणि महिन्याने पँट आवळते म्हणून भांडायला यायचा. काकू म्हणायच्या, "श्वास सोडा हो, मी काय तुमच्याशी सोयरीक जमवायला बसलेय?" माणूस तोंडाने वाटेल ते सांगेल पण टेप खोटं बोलत नाही, यावर त्यांचा गाढ विश्वास. वहीचं पहिलं पान नवऱ्याचं. त्यावर नुसतं 'हे' असं लिहिलेलं होतं.

आणि 'हे' कसे, तर गोल. काका इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर कुठल्या ना कुठल्या गच्चीवरच्या मशीनखोलीत ग्रीसने काळे झालेले, आणि खाली उतरले की कुणाच्या तरी घरी चहा-बिस्किटं. खाण्याचे भलते शौकीन. दोन अंड्यांचं ऑम्लेट, लोणी लावलेला पाव, वर टोमॅटोच्या चकत्या, हा त्यांचा रविवार. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी असली की म्हणायचे, "मी आणि अजून चार."

मग काकूंच्या अंगावर पित्त उठायला लागलं.

सुरुवात मनगटापासून झाली. लोकरीच्या कोटाचं अस्तर काढताना खाज सुटली म्हणून त्यांनी कापडाला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दंडावर गांधी, तिसऱ्या दिवशी पाठीवर, मानेवर, लाल लाल, बोटभर लांब. तासाभराने जायच्या आणि दुसरीकडे उगवायच्या. खाजवून खाजवून काकूंच्या नखांत रक्त यायला लागलं. गिऱ्हाइकं हात बघून लांब उभी राहायची, आणि एक जणी तर पँट परत घेऊन गेली. "लागण नाही हो होत याची!" काकू ओरडल्या, पण ती गेली ती गेलीच. त्या दुपारी काकू मशीनवर डोकं ठेवून रडल्या. हातावर पोट असलेल्या बाईने हातच लपवायचे तर करायचं काय?

कातडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद दिला. वरच्या अर्ध्या भागात काय खायचं: भात, बटाटा, भोपळा, गाजर, नाशपती, मीठ. खालच्या अर्ध्या भागात काय नाही: अंडी, दूध, गहू, मासे, शेंगदाणे, टोमॅटो, आंबट, तिखट, चहासुद्धा. आणि तळाला एक ओळ: तीन आठवडे पाळणे, मग एकेक पदार्थ सुरू करून पाहणे, मग भेटणे.

काकूंनी कागद ओट्याच्या वर चिकटवला. काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "एवढंच? मग मीही तेच खाईन."

"तुम्ही कशाला? तुम्हाला काय धाड भरलीय?"

"तू समोर बसून भोपळा गिळणार आणि मी ऑम्लेट हाणू? घास तरी उतरेल का गं घशाखाली? आणि माझी पिशवीही जरा उतरू दे," असं म्हणून त्यांनी पोटावर थाप मारली.

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी गोड शब्द काढला नव्हता. काढला तो असा, भोपळ्यावर.

तीन आठवड्यांत गांधी कमी झाल्या. चौथ्या रविवारी काकूंनी कागदातल्या ओळीप्रमाणे टोमॅटोचे दोन काप खाल्ले. अर्ध्या तासात वरचा ओठ सुजला, डावी पापणी मिटेना की उघडेना, गळ्यापर्यंत गांधी. काका त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. इंजेक्शन मिळालं, संध्याकाळी सूज उतरली, पण दोघांच्या मनात जी भीती बसली ती काही उतरली नाही. "नकोच ते," काका म्हणाले. "भात-भोपळ्याने कुणी मरत नाही." त्यानंतर त्यांनी काही सुरू केलं नाही, आणि त्या डॉक्टरांकडे परतही गेले नाहीत. तीन आठवड्यांचा कागद ओट्यावर तसाच राहिला आणि पिवळा पडला.

दोन महिन्यांनी काकांची पँट ढिली झाली. काकूंनी टेप लावली. साडेछत्तीस! त्यांनी मागची शिवण उसवली, दीड इंच आत घेतली, वहीत तारीख घातली. स्वतःचीही कंबर मोजली, ती छत्तीसची चौतीस झाली होती. दोघं आरशासमोर उभे राहिले. "लग्नात होतो तसे दिसतोय," काका म्हणाले. "लग्नात तुम्हाला केस होते," काकू म्हणाल्या. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

पाचव्या महिन्यात काका पस्तीस. काकू चौतीसच. आठव्यात काका साडेतेहतीस, काकू चौतीसच्या चौतीस.

एकच ओटा, एकच पातेलं, एकाच चमच्याने वाढलेलं. एकाचं माप थांबलं आणि दुसऱ्याचं थांबेना. काकूंना हे दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि त्यांनी स्वतःला सांगितलं, बायकांचं अंग वेगळं. पुरुषाचं झरझर उतरतं. ह्यांचं कामही चढउताराचं. दुसऱ्या कुणाचं पान असतं तर त्यांनी भुवया उंचावून विचारलं असतं, "काय हो, बरं वाटत नाही का?" पण हे पान 'ह्यां'चं होतं. नवऱ्याला काही होऊ शकतं हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

त्या साडेतेहतीसला एक अडचण झाली. पँट मागून इतकी आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटायला आले. हे कुठल्याही शिंप्याला विचारा, खिसे जवळ आले की समजायचं, आता हे माप त्या कापडाचं राहिलं नाही. मग नवीनच शिवायची. काकूंनी हौसेने राखाडी कापड आणलं. आत शिवणीत जादा कापडाची भरपूर माया सोडली, पुढे परत खायला लागले की उसवता येईल म्हणून. शिवताना गाणं गुणगुणल्या. ते गाणं आठवलं की अजूनही त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काका दमायला लागले होते. पूर्वी पाच मजले जिन्याने चढून जायचे ते आता प्रत्येक मजल्यावर थांबायचे. पाठीत दुखायचं. ताटातला अर्धा भात उरायचा. "भोपळ्याचा कंटाळा आला गं," म्हणायचे. कोणाला नाही येणार? काकूंनाही आलाच होता.

"अहो, तुम्ही सोडा ना हे पथ्य. बाहेर खात जा, मला नाही वाईट वाटणार."

"बघू. तुझं पूर्ण बरं होऊ दे."

अकराव्या महिन्यात काकूंची धाकटी बहीण आली. वर्षभराने आली होती. दारात चप्पल काढता काढता तिने काकांकडे पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. काका आत गेल्यावर ती म्हणाली, "ताई, भाऊजी असे काय दिसतायत गं? डोळे बघितलेस? पिवळट वाटतात."

काकूंचा पारा चढला. "तुला काय कळतंय? पथ्य करतायत ते माझ्यासाठी. तुझा नवरा करेल का एक दिवस तरी?"

"माझं सोड. तू भाऊजींना दाखव कुणाला तरी."

"आल्या आल्या अशुभ बोलू नकोस!"

बहीण चहा न घेताच निघाली. घरात चहा नव्हताच म्हणा. काकू तिच्यावर रुसल्या, आणि त्या रुसव्यात दोन महिने गेले. दोन महिने! बहीण खरं बोलली हे मान्य करायचं तर आधी ती खरं बोलू शकते हे मान्य करायला हवं होतं, आणि नवऱ्याच्या त्यागाचा तोरा काकूंना उतरवायचा नव्हता. अकरा महिने जो येईल त्याला त्या सांगत होत्या, आमचे हे बघा, माझ्यासाठी उपाशी राहतात.

तेराव्या महिन्यात काका एका इमारतीत मशीनखोलीच्या जिन्यावरच बसले आणि त्यांना उठता येईना. पहारेकऱ्याने खाली आणलं आणि इस्पितळात पोचवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई काकूंच्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" काका म्हणाले, "असेल, तीन-चार महिने." काकूंनी पिशवीतून वही काढली आणि पहिलं पान उघडून पुढे केलं. तारीख, इंच, तारीख, इंच. डॉक्टरीणबाई बराच वेळ वाचत राहिल्या.

"इतकी नीट नोंद आमच्याकडेही नसते," त्या म्हणाल्या. मग हळूच, "मग तुम्ही दाखवलं का नाही?"

"पथ्यावर होते."

"कुणी दिलं होतं पथ्य?"

"मला दिलं होतं," काकू म्हणाल्या.

गाठ पोटात होती, आणि ती तिथेच थांबली नव्हती. कापून काढण्याची वेळ निघून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी काकूंना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. मग आत येऊन काकांना म्हणाल्या, "आता पथ्यबिथ्य काही नाही. जे आवडेल ते खा." काकांचा चेहरा असा काही उजळला की काकूंना भिंतीकडे तोंड करावं लागलं.

काकूंना एकच आशा होती. हा माणूस बाहेर चोरून खात असेल. खाल्लंच असेल, एवढा खवय्या! म्हणजे उपाशी तरी ठेवला नाही मी. काकांचं सामान द्यायला तो पहारेकरी आला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, हे तुमच्याकडे काय काय खायचे?"

"छे हो काकू. मी किती आग्रह करायचो. चहासुद्धा नाही घेतला कधी. म्हणायचे, तिला कळणार नाही हो, पण मला कळेल ना."

काकू मान हलवत राहिल्या. पहारेकऱ्याला वाटलं आपण चांगलं काहीतरी सांगितलं.

काकांना घरी आणलं. चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "ऑम्लेट कर. टोमॅटो घालून." काकूंनी चौदा महिन्यांनी अंडी फोडली. लोणी विरघळलं, वास घरभर पसरला, आणि त्या वासाने काकूंच्याच तोंडाला पाणी सुटलं आणि त्यांना लाज वाटली. काकांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला, घोळवला, आणि रुमालात काढला.

"नाही जात गं."

"थोडं थांबून खा."

"नाही जाणार. तू खा."

"मला चालत नाही, माहीत आहे ना?"

"माझ्यासमोर बसून कुणीतरी पोटभर खाल्लेलं बघायचंय मला. मरू दे ते पित्त. गोळी आहे ना घरात? खा."

काकूंनी खाल्लं. रडत रडत, नाक पुसत, अख्खं ऑम्लेट, वर पाव, टोमॅटोचा शेवटचा काप. काका एकेक घास बघत होते आणि त्यांचा जबडा आपोआप हलत होता. मग काकूंनी ताट खाली ठेवलं, बाही कोपरापर्यंत वर केली आणि वाट बघत बसल्या. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. ओठ चाचपला, पापणी चाचपली. हात स्वच्छ. एक ठिपका नाही, एक गांधी नाही. ते पित्त जसं आलं तसं आपल्या पायांनी केव्हाच निघून गेलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, सहा महिन्यांपूर्वी, की भोपळ्याचा त्याच्याशी कधी संबंधच नव्हता, देव जाणे. कुणी बघितलंच नव्हतं.

उठ ना रे, काकू मनातल्या मनात त्या पित्ताला म्हणत होत्या. सगळ्या अंगावर उठ, डोळे बंद होऊ देत, पण उठ.

"आलं का गं?" काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

काकूंनी हात पदराखाली घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत नखांनी जोर लावून ओरबाडलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. कातडी लाल झाली, वळ उठले. मग हात त्यांच्यासमोर धरला.

"हे बघा. आलं."

काकांनी बोटाने तो हात चाचपला, एका वळावरून दुसऱ्या वळावर. त्यांना फार बरं वाटलं.

"बघ," ते म्हणाले, "म्हणजे आपण केलं ते बरोबरच होतं."