मागच्या चाकाचा आवाज

माझे वडील मुंबईला मोटारींच्या कारखान्यात फिटर होते. आम्ही मराठी ज्यू; इस्राएलला आल्यावर आम्हांला किर्यात मलाखी गावात घर मिळालं आणि त्यांना सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचं काम. त्या खडखडाटात त्यांची बरीच वर्षं गेली. मोटारींची ओढ मात्र सुटली नव्हती. संत्र्यांच्या एका बागेत, शेडमागे, इंग्रजांच्या काळातली एक काळी मोटार गंजत पडली होती. बाबांनी ती मागून आणली आणि सुट्टीच्या दिवशी खपून चालती केली.

आई वारल्यावर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं त्या मोटारीतून गावाबाहेर तिच्या कबरीवर जायचो. एकदा परतताना मागून घों घों असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, "बाबा, मागे काहीतरी वाजतंय."

"रस्ता खराब आहे, बाय," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला आवाज वाढला. बोलणंही अवघड झालं. बाबा मात्र शांतपणे गाडी हाकत होते. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "एवढा मोठा आवाज तुम्हांला ऐकू येत नाही?"

घर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

अंगणात त्यांनी गाडी जॅकवर चढवली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अ‍ॅक्सलवर टेकवून मूठ कानाला लावली. मुंबईत याच पद्धतीनं ते बिघाड सांगायचे. एक कान झाला, मग दुसरा. पुन्हा पहिला. शेवटी त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"तू ऐक," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना. खरखर कुठे आहे ते सांग."

उजवीकडे होती. त्यांनी चाक आणि ड्रम काढला, शाफ्ट ओढून बाहेर घेतला. बेअरिंगमधल्या गोळ्यांना खड्डे पडले होते, आणि त्या ज्या कडीत फिरतात तिला चरे. एवढी जुनी मोटार, तिचे भाग मिळणार कुठे? बाबांनी मापं घेऊन ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच मापाचं बेअरिंग आणलं, ग्रीस भरून बसवलं, डाव्या बाजूचंही बदलून टाकलं. त्यांचे हात पूर्वीसारखेच भराभर चालत होते.

मग आम्ही मोठ्या रस्त्यावर चक्कर मारली. आवाज थांबला होता.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "परत सांग."

"गेला, बाबा. अगदी गेला."

त्यांनी मान हलवली, पण बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

डॉक्टरनं तपासून सांगितलं की गिरणीतल्या आवाजानं कान गेले आहेत, आणि जे उरलंय तेही कमी होत जाईल. मी ते मराठीत सांगितलं. बाबांना माझं बोलणं ओठांवरून कळायचं. धाकटा भाऊ मात्र घरात हिब्रूच बोलायचा, आणि ती त्यांना नुसत्या ओठांवरून उमगत नव्हती. भावानं काही विचारलं की ते माझ्याकडे बघायचे. मी स्वयंपाकघरात असले की दोघेही गप्प बसायचे. भावाला मराठी समजायची, पण बोलताना जीभ अडायची. त्यानं हळूहळू विचारणंच सोडलं.

मोटार बाबांनी परत चालवली नाही. मागून ट्रक आला तर कळायचा नाही, म्हणाले. हिवाळ्यात शेजारच्या एकाला देऊन टाकली.

देवळात, सिनेगॉगमध्ये, ते आणखी काही महिने जात राहिले. मग एका शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, सगळ्यांची प्रार्थना संपून शांतता झाली, आणि त्या शांततेत बाबा एकटेच मोठ्यानं म्हणत राहिले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तेव्हा ते थांबले. त्यानंतर ते शब्बाथला घरीच बसत, खिडकीकडे तोंड करून.