यानाच्या शेवटच्या डब्यातला गार्ड

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे आधीच कबूल करतो. म्हणजे पुढचा गुन्हा किती मोठा ते कळेल.

तेव्हा पूर्णेत स्टेशनमागं आमचं भाड्याचं घर होतं. सासरे आमच्याकडंच असत. मी त्यांना मामा म्हणायचो. हयातभर मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाले आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. टीव्ही ते ऐकायचे. दर रविवारी सकाळी अवकाशयानाची एक मालिका लागायची. पडद्यावर काय दिसतं ते मी सांगायचो.

पहिल्याच भागात यान सुटलं तसं मामांनी विचारलं, "मागं गार्ड हाय का?"

"न्हाई मामा, यानाला गार्ड नसतो."

मामांनी हातातली कपबशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच. "मग कोणाच्या भरवशावर सोडायलेत?" एवढंच म्हणाले.

मला राहवलं नाही. "थांबा, थांबा. हाय की! आत्ता दिसला. पार शेवटच्या डब्यात."

मामांनी कपबशी उचलली. झालं! पुढं प्रत्येक भागात मी त्या गार्डाला काम देत गेलो. शिट्टी दिली, हिरवी झेंडी दिली. मंगळाजवळ तर पुढचे सगळे बेशुद्ध पडलेले असताना या पठ्ठ्यानं ब्रेक लावून यान वाचवलं. मामा संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या बाकावर ते सगळं आपल्या दोस्ताला सांगायचे. तोही रिटायर गार्ड. मग मालिका अर्ध्यातच बंद पडली आणि मला वाटलं, सुटलो.

दीड वर्षानं ती पुन्हा सुरू होणार असल्याची जाहिरात लागली. दरम्यान परभणीला मामांचं ऑपरेशन झालं होतं. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला होता आणि सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी दोस्ताला आवतन दिलं, "रविवारी ये. आपला माणूस दाखवतो."

"आता भोगा," बायको म्हणाली.

रविवारी मी गुपचूप पत्र्यावर चढलो आणि अँटेना पार उलटा फिरवला. खालून मामा ओरडले, "लय भारी! आता कसं साफ दिसायलंय! उतरा, जावईबापू!"

उतरलो. यान समोरून दिसलं, बाजूनं दिसलं. मामा चष्मा नाकावर दाबून बघत होते. मग यान वळलं. मागं नुसता जाळ. डबा नाही, खिडकी नाही, काही नाही.

दोस्त हसला. "कुठाय रे तुझा गार्ड? जावयानं बनवलं की तुला!"

माझे कान तापले. खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मामाच म्हणाले, "आपण एवढी वर्षं मागं उभे राहिलो. गाडी बघणारे सारे इंजिनच बघायचे. आपल्याला कोणी बघितलं का कधी?"

दोस्ताचं हसू ओसरलं. "ते हाय म्हणा."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातलाच नाही. मांडीवर ठेवून डोळे मिटले.

"सांगा, जावईबापू. काय करायलाय तो?"

दोस्तही माझ्याकडं बघायला लागला. स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

"दिव्याची काच पुसायलाय," मी म्हणालो. "पुढं लय अंधार हाय ना."