घोडेमास्तरांच्या बोटावरची शाई

घोडेमास्तर जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते. पिस्तुलाच्या पाठीवर हातोडीसारखा जो खटका असतो, जो पडला की गोळी सुटते, त्याला त्यांच्या धंद्यात घोडा म्हणतात. पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीच्या शस्त्रखोलीत एकतीस वर्षं हे घोडे साफ करण्यात गेली, म्हणून हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. बोलायला फटकळ, पण कामाला चोख माणूस. हत्यार हातात घेतलं की आधी ते रिकामं आहे का बघायचे, आणि बघून झाल्यावर पुन्हा एकदा बघायचे. बायको म्हणायची, "ह्यांना छत्री दिली तरी उघडून आत गोळी आहे का बघतील."

निवृत्तीला आठ महिने उरले होते. कंपनीने जुनी हत्यारं बदलायची ठरवली आणि साहेबांनी दोन नमुने मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवले. "यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्हीच सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

पहिल्याचा घोडा आधी अंगठ्याने मागे चढवावा लागायचा. एकदा चढला की चापाला बोट लागायचा अवकाश, सुटलाच. दुसऱ्याचा घोडा चढवायची गरज नव्हती, पण त्याचा चाप लांब आणि जड होता. एकाच ओढीत घोडा मागे जायचा आणि पडायचाही. मास्तरांचा जीव पहिल्यावर होता. हलका चाप म्हणजे हात हलत नाही, नेम चुकत नाही. दुसऱ्याला ते 'विहिरीचा रहाट' म्हणायचे.

पहारेकऱ्यांना शिकवायचं काम त्यांच्या भाचीकडे होतं. मामाकडूनच शिकलेली, आणि मामाशी वाद घालायला न भिणारी ती एकटीच.

"निशाणा साधायला हलका चाप बरा, कबूल," ती म्हणाली. "पण मामा, आपली माणसं निशाणे साधत बसत नाहीत. अंधाऱ्या जिन्यात एकटी उभी असतात. घाबरलेली असतात."

"बोट चापाच्या बाहेर ठेवायचं, हे मी प्रत्येकाच्या डोक्यात भरलंय. बोट बाहेर असेल तर हलका काय नि जड काय."

"डोक्यात भरलंय खरं. बोटात उतरलंय का, ते बघूया."

तिने मागच्या मोठ्या खोलीत लाकडी फळ्यांचे आडोसे करून एक बोळ उभा केला. दोन्ही पिस्तुलं रिकामी केली, मामा-भाचीने मिळून तीनदा तपासली. मग शिक्क्याची लाल शाई घेतली आणि दोन्ही चापांना पातळ हात दिला. पहारेकऱ्याने पिस्तूल रोखून, बोट बाहेर ठेवून बोळातून जायचं. जाताना मागून ती कधीतरी लोखंडी पत्रा फरशीवर आपटणार. कधी, ते सांगणार नाही.

अकरा जण गेले, काही हलक्या चापाचं पिस्तूल घोडा चढवून, काही जड चापाचं घेऊन. बाहेर आल्यावर प्रत्येकाला तिने विचारलं, "चापाला हात लावलास?" अकराही जणांनी शपथेवर नाही म्हटलं. मग बोटं उलटी करून दाखवायला सांगितली. नऊ बोटं लाल होती. जड चापाच्या पिस्तुलाचा घोडा एकदाही पडला नव्हता. हलक्याचा चौघांच्या हातात पडला होता, आणि त्या चौघांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं.

"कच्ची पोरं," मास्तर म्हणाले. "आण इकडे."

त्यांनी बोट पुसलं, पिस्तूल दोनदा तपासलं, घोडा चढवला आणि बोळात शिरले. सावकाश, भिंतीला धरून, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे. एक वळण गेलं, दुसरं गेलं. पत्रा काही पडेना. ही आपल्याला वगळणार, मामा म्हणून, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात पत्रा आदळला.

मास्तर वळले. "आत्ता टक् असं कुणी केलं? दुसऱ्या पिस्तुलाला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

भाची त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. मास्तरांनी खाली पाहिलं. घोडा पडलेला होता. बोटाचं टोक लालभडक होतं.

"मी नाही ओढला," ते म्हणाले. स्वतःचा आवाज कानावर पडला आणि त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं. हे वाक्य त्यांनी याआधी ऐकलं होतं. याच शब्दांत. ते तिथेच फरशीवर बसले. भाचीने पाणी आणलं, ते हातात तसंच राहिलं.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक पहारेकरी होता. बोलायचा कमी, म्हणून सगळे त्याला अबोल्या म्हणायचे. एका गोदामात खुडबूड ऐकून तो घोडा चढवून आत गेला. मागे वाऱ्याने दार आपटलं आणि गोळी सुटली. समोर झाडलोट करणारा माणूस होता, तो जागीच गेला. अबोल्या कोर्टात एवढंच म्हणत राहिला, "मी नाही ओढला. दार वाजलं आणि गोळी सुटली." मग जाणकार म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांनी हत्यार खोलून पाहिलं होतं, त्यात काडीचाही दोष नव्हता. चाप ओढल्याशिवाय घोडा पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. वकिलाने विचारलं, "म्हणजे आरोपी खोटं बोलतोय?" मास्तर म्हणाले होते, "माझा घोडा तरी खोटं बोलत नाही." कोर्टात हशा पिकला होता. बाहेर लोकांनी पाठ थोपटली होती. अबोल्याने सात वर्षं आत काढली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. साबणाने तीनदा धुतलेलं बोट अजून गुलाबी होतं.

"मी खरं तेच बोललो होतो," ते म्हणाले. "आणि तोही खरंच बोलत होता. हे दोन्ही एकदम कसं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी."

बायकोने ते बोट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी साहेबांना एका ओळीचं पत्र दिलं, की जड चापाचं पिस्तूल घ्यावं, आणि शाईची परीक्षा दर सहा महिन्यांनी सगळ्यांची घ्यावी, शिकवणाऱ्यांचीसुद्धा. मग ते अबोल्याला शोधायला निघाले.

तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. केस पांढरे झाले होते, पण मास्तरांना बघताच तो स्टूल सोडून उठला आणि शिकाऊ असताना उभा राहायचा तसाच उभा राहिला.

मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पत्रा, शाई, बोट. शेवटी म्हणाले, "मलाही कळलं नाही रे. एकतीस वर्षं हेच काम करणाऱ्या मला कळलं नाही."

अबोल्याने हातातला स्क्रू डबीत टाकला. "मास्तर, एक सांगू? पहिलं वर्षभर मला पक्कं ठाऊक होतं की मी ओढला नाही. नंतर वाटायला लागलं, मास्तर म्हणतात म्हणजे मीच ओढला असणार. माझ्या मनातच त्या माणसाला मारायचं असणार, फक्त मला माहीत नसणार." त्याने डबीचं झाकण लावलं. "मी लग्न नाही केलं. म्हटलं, असा माणूस घरात बरा नव्हे."

मास्तर कोर्टापर्यंत, फार तर तुरुंगापर्यंत विचार करून आले होते. एवढ्या लांबचा विचार त्यांनी केलाच नव्हता. माफी मागायची म्हणून घोकून आणलेलं वाक्य इतकं किरकोळ वाटलं, की ते त्यांनी उच्चारलंच नाही.

"काय करू सांग," ते शेवटी म्हणाले. "कोर्टात लिहून देतो."

"द्या. पण आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी चला."

त्या झाडलोट करणाऱ्याची बायको दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. सुटून आल्यापासून अबोल्याने त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता. दार तिनेच उघडलं. अबोल्याला तिने लगेच ओळखलं आणि दाराची कडी घट्ट धरली. मास्तर पुढे झाले. आपण कोण, कोर्टात काय बोललो होतो आणि काल काय झालं, सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं.

तिने एकच विचारलं, "म्हणजे माझ्या माणसाला कुणी मुद्दाम मारलं नव्हतं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मी पोरांना वेगळंच सांगत आले," ती म्हणाली. ती अबोल्याकडे बघत राहिली. मग तिने कडी सोडली आणि दारातून बाजूला झाली. आधी कोणी आत जायचं, हे त्या दोघांनाही कळेना.