अस्तरवाले

कामामुळे लोक त्यांना अस्तरवाले म्हणत. ते शिंपी असावेत असं समजून शेजारच्या एका बाईंनी एकदा त्यांच्याकडे चक्क फाटका कोट आणून दिला होता. त्यांनी तो मुकाट्याने परत केला. समजावून सांगायचं त्राण कोणाला होतं?

त्यांचं काम प्रयोगशाळेतलं. खाटिकखान्यातून आलेली बोकडाची रक्तवाहिनी कोमट द्रावणात ठेवायची आणि तिच्या अंगठीसारख्या कड्या कापायच्या. अर्ध्या कड्यांचं आतलं अस्तर जिवापाड जपायचं, उरलेल्यांचं दोऱ्याने घासून काढायचं. मग भुलीचा वायू त्या द्रावणात बुडबुडत सोडायचा आणि कड्या किती आवळतात, किती सैल पडतात ते बघायचं. वायू एकच, वाहिनी एकच, पण अस्तर असलं की एक तऱ्हा, नसलं की दुसरीच. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या अस्तरापायी त्यांची पाठ वाकली होती. अर्धा दिवस जपायचं, अर्धा दिवस खरवडायचं, माणूस दमणार नाही तर काय होईल!

अशात बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. तिचा मधुमेह जुना. मधुमेहाने अस्तर बिघडतं, हे प्रयोगशाळेत इतक्यांदा कानावर पडलं होतं की त्यांना धास्तीच बसली. भुलीखाली हिचा रक्तदाब कोसळला आणि ही उठलीच नाही तर? घरी बोलायची सोय नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करून, स्वयंपाकपाणी उरकून ती बसल्या जागी पेंगायची. तिला आणखी काय घाबरवायचं?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं, भुलीने कडी सैल पडते तशा बायकोच्या वाहिन्या सैल पडल्या तर?

"अहो, कडीला सावरायला ना हृदय, ना मेंदू," मॅडम म्हणाल्या. "वहिनींजवळ भूलतज्ज्ञ असतील, डोळ्यांत तेल घालून बसलेले. तुमच्या कडीजवळ कोण असतं?"

"मी असतो."

मॅडमना हसू आलं. त्यांना आलं नाही.

दुपारी कड्यांची तपासणी होती. कड्या आधी आवळून घ्यायच्या, मग एक औषध टाकायचं. अस्तर शाबूत असेल ती सैल पडते, घासलेली तशीच राहते. त्या दिवशी झाडून सगळ्या सैल पडल्या.

"आज एकही घासली नाहीत?"

दोरा कडीत ओवला होता, पण पुढे हातच चालला नव्हता.

"घरी जा," मॅडम हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर त्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी भूलतज्ज्ञ बाहेर आले. "रक्तदाब मध्ये जरा उतरला होता, लगेच सावरला. या आत, हाक मारा त्यांना."

त्यांनी वाकून हाक मारली, पुन्हा मारली. पापणीसुद्धा हलेना. मग डोळे न उघडताच तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, गप्प बसा ना. किती वर्षांनी धड झोप लागलीय."

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. ती दमते हे त्यांना रोज दिसत होतं. एका शब्दाने विचारलं मात्र कधी नव्हतं.

"बोलत राहा त्यांच्याशी," नर्स म्हणाली. "जागं ठेवा."

"झोपू द्या हो तिला थोडं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.