सेन्सर चांगला होता

आमच्या साकुराबाला खोटं लिहिता येत नाही, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. एकाच गाडीतून फिरतो आम्ही, जपानमधल्या योकोतेच्या बर्फात लोकांच्या हीटरची बाहेरची युनिटं तपासत. कसला चिकट माणूस! कंप्रेसरच्या तिन्ही तारांचे आकडे जुळले तरी हा पुन्हा मीटर लावणार. मी वैतागायचो, "अरे, मुलगी बघायला आलायस का? चल आता!"

किनु आजींकडे मात्र त्याने हात टेकले. आजी ऐंशीच्या पुढच्या, नवरा उन्हाळ्यात गेला, घरात एकट्या. हीटर सारखा बंद पडायचा. आम्ही ठरल्या वेळी पोचावं, तर अंगण झाडलेलं, युनिट लख्ख पुसलेलं. पंखा ठीक, कंप्रेसर ठीक, सेन्सर ठीक. साकुराबा दोनदा 'दोष नाही' लिहून आला. मग सेंदाई शहरातून त्यांच्या मुलाचा, मासाहिकोचा फोन. "आणखी एकदा बंद पडला की आईला इकडे वृद्धाश्रमात आणणार. गारठून मरू देऊ का तिला?" त्याचं तरी काय चुकलं!

तिसऱ्या खेपेला रस्ता मोकळा मिळाला नि आम्ही अर्धा तास आधीच पोचलो. बघतो तर काय, आमच्याकडे अंगणातली झाडं हिवाळ्यासाठी पेंढ्यात बांधतात ना, तसंच युनिट चहूबाजूंनी बांधलेलं! आजी घाईघाईने गाठी सोडत होत्या.

"अगंबाई, लवकर आलात! तुमची अडचण नको म्हणून दर वेळी सोडून, पुसून ठेवते."

"आजी, त्याचं नाक-तोंडच बांधलंत की!" मी ओरडलोच. "हवा कुठून घेणार ते?"

"आमचे हे नुसतं वरून झाकायचे, समोरून उघडं. मला वाटायचं, कंटाळा करतात." आजी ओशाळल्या. मग कमरेत वाकून म्हणाल्या, "मासाहिकोला नका हो सांगू. म्हणेल, म्हातारीला भ्रम झालाय. मला हे घर सोडायचं नाही."

साकुराबाने त्यांना दोनदा समजावलं, समोर काही बांधायचं नाही. मग गाडीतून नवा सेन्सर आणला, जुना, चांगला चालणारा काढून तो बसवला आणि कागदावर लिहिलं: 'सेन्सर खराब. बदलला.' मी म्हणालो, "बरं केलंस." माझीही अक्कल तेव्हा गहाण पडली होती. परतताना त्याने जुन्या सेन्सरला पुन्हा मीटर लावलं. आकडा बरोबर होता.

नऊ दिवसांनी वादळ झालं. दुसऱ्या दिवशी साकुराबाने न विचारताच गाडी आजींच्या गल्लीत घातली. युनिटला पुन्हा पेंढा, त्याच सुबक गाठी. आत आजी दोन कोट घालून बसलेल्या, ओठ निळे.

"आजी, सांगितलं होतं ना मी?" साकुराबाचा आवाज चिरकला.

"काहीतरी सांगितलं होतंत, एवढं आठवत होतं. काय ते आठवेना." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. आमचा कागद तिथे चिकटवलेला होता. "मग तुमचा कागद वाचला. त्यात सेन्सरचं लिहिलंय. पेंढ्याचं काहीच नाही."

साकुराबा बाहेर गेला. पेंढा सोडला, जाळीवरचा बर्फ काढला. पंखा फिरायला लागल्यावर आत आला, आजींसमोर गुडघे टेकून बसला आणि त्यांच्यादेखतच फोन लावला.

"मासाहिको-सान, सेन्सर चांगला होता. मी खोटं लिहिलं." मग त्याने पेंढ्याचं सगळं सांगितलं, विसरण्याचंही. फोन ठेवेपर्यंत आजी मान खाली घालून ऐकत होत्या.

मग उठल्या. चहा आणि धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. पहिला कप त्यांनी साकुराबापुढे ठेवला.

"तुम्ही आधीच तसं लिहायला हवं होतंत," त्या म्हणाल्या. "मी वाचलं असतं."